वरची उघडी फट

"उद्या संध्याकाळी मला अटक होणार आहे," ती बाई म्हणाली. "नवऱ्याला गुदमरवून मारलं म्हणून. चहा नको. मला वेळ नाही."

बारीकरावांनी पुढे केलेला कप मास्तरांकडे सरकवला. मास्तरांचा हा दुसरा कप होता, पण त्यांनी नाही म्हटले नाही. चहाला नाही म्हणणे त्यांना आयुष्यात जमले नव्हते.

बारीकराव अंगाने मुळीच बारीक नव्हते. ते बसले की खुर्ची कुरकुरायची. नाव पडले होते ते नजरेमुळे. खाजगी तपासाचा धंदा ते एकट्याने चालवत आणि मास्तर त्यांच्याबरोबर फिरत. मास्तर निवृत्त चित्रकला शिक्षक. जे दिसेल ते हुबेहूब काढून दाखवत. त्याचा अर्थ काय, हे मात्र त्यांना दुसऱ्या कोणीतरी सांगावे लागे.

बाई एका फुलांच्या रोपवाटिकेतली थोरली सून. गिऱ्हाइकांपासून हमालांपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणत, म्हणून आपणही वहिनीच म्हणू.

"पहिल्यापासून सांगा," बारीकराव म्हणाले.

"आमच्याकडे तीन घरं आहेत. राहायची नव्हेत, झाडांची. सासऱ्यांनी बांधलेलं काचघर, ते धाकट्या भावजींकडे. हिरव्या जाळीचं शेडनेट, ते माझ्या नणंदेकडे. आणि पॉलिहाऊस ह्यांचं आणि माझं. आत जरबेरा आहे. ह्यांनी तयार केलेला नवा रंग यंदा पहिल्यांदा फुलला. थंडी कडक पडली की हे तिथेच खाटेवर झोपायचे, डिझेलचा हीटर लावून. सोमवारी सकाळी उठलेच नाहीत."

"हीटरच्या धुराने?"

"असं डॉक्टर म्हणाले. विषारी वायू साठला म्हणे. वास नाही, रंग नाही."

"बाजूचे पडदे कोणी पाडले होते?"

"मी. रोज संध्याकाळी मीच पाडते. दाराला बाहेरून कडीही मीच लावली. आतून कडीच नाही. बाहेरून नाही लावली तर दार वाऱ्याने आपटतं आणि वरची प्लॅस्टिकची फिल्म फाटते."

"आणि भांडण?"

वहिनींनी मान वर केली. भांडणाबद्दल त्या काही बोलल्या नव्हत्या.

"झालं असणारच," बारीकराव म्हणाले. "नुसत्या कडीवरून कोणी बायकोला अटक करत नाही."

"झालं होतं. घरी झोपा म्हटलं, ऐकेनात. हीटरचा पंखा एवढा घरघरतो की शेजारी माणूस बोललेला कळत नाही, तिथे कसली झोप येते, म्हटलं. ते हसले. मग मी म्हटलं, जा, राहा तिथेच. अंगणात सगळ्यांनी ऐकलं." त्यांनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले आणि सोडले. "रात्रभर मला झोप नाही. पहाटे नेहमीपेक्षा लवकरच चहा घेऊन गेले. कडी काढली, हाका मारल्या. हे हलेनात. मी ओरडले. धाकटे भावजी धावत आले, शिडी लावून छतावर चढले आणि वरून फिल्म फाडली, हवा आत यावी म्हणून. भली लांब फिल्म फडफडत खाली आली. मी ह्यांना ओढत बाहेर काढत होते. पण ते आधीच गेले होते."

मास्तरांनी कप खाली ठेवला. चहा तसाच राहिला.

"तुमच्या पॉलिहाऊसला छताजवळ फट आहे का?" बारीकरावांनी विचारले.

"आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत. कायम उघडी."

"मग वायू कोंडला कसा? गरम हवा वर जाते. वर वाट मोकळी होती."

"हेच मी फौजदारांना विचारलं," वहिनी म्हणाल्या. "ते म्हणाले, ते तुम्हीच सांगा."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार रोपवाटिकेच्या फाटकातच खुर्ची टाकून बसले होते.

"या," ते म्हणाले. "संध्याकाळपर्यंत काय उजेड पाडायचा तो पाडा. दारूगोळा आणलाय वाटतं बरोबर." हे मास्तरांच्या चित्रवहीच्या पिशवीकडे बघून.

"वरची फट उघडी असताना माणूस गुदमरला, याचं तुम्हाला नवल वाटत नाही?" बारीकरावांनी विचारले.

"हीटर जुना, वारा पडलेला, पडदे खालून मातीत दाबलेले, दाराला कडी. आणि नवऱ्याला सगळ्यांदेखत 'राहा तिथेच' म्हणणारी बायको. मला पुष्कळ झालं."

पॉलिहाऊसपाशी एक माणूस शिडीवर उभा होता. ते बांधणारा मिस्त्री. त्याने खाली बघितले आणि पुन्हा कामाला लागला.

"माझ्याकडे बघू नका," तो वरूनच म्हणाला. "माझं काम चोख आहे. तरी सगळे माझ्याच नावाने खडे फोडतायत. म्हणे मिस्त्रीने खिडकी कमी ठेवली."

"मग दाखवा ना तुमचं काम," बारीकराव म्हणाले.

कारागिराला याहून गोड काही ऐकवता येत नाही. मिस्त्री कुरकुरत का होईना, खाली उतरला. खड्डे खणून त्यात काँक्रीटने पक्के केलेले पाइप, त्यांवर उभे खांब, खांबांवर वाकवलेल्या कमानी, कडेला पावसाचे पाणी नेणारी पन्हाळ. कमानींवर पांढुरकी फिल्म ताणलेली. ती खिळ्यांनी ठोकत नाहीत, हे मास्तरांना प्रथमच कळले. पाइपांवर अॅल्युमिनियमचे चॅनेल असते. फिल्म त्यात घालायची आणि वरून नागमोडी तारेची स्प्रिंग दाबत जायची.

"हिला झिगझॅग म्हणतात," मिस्त्री म्हणाला. "अंगठ्याने दाबली की बसली. ओढली की निघाली. फिल्मवर तिच्या लाटा उमटतात, तेवढंच."

"आणि वरची फट?"

"एका बाजूची कमान दुसरीपेक्षा उंच घेतलीय. मधल्या उतारावर हातभर रुंदीची फट राहते. तिला नुसती कीटकांची जाळी, तीही दोन्ही बाजूंनी चॅनेलमध्ये, अशाच स्प्रिंगने बसवलेली. बंद करायची सोयच ठेवली नाही मी. ती बंद करायचीच नसते."

"आणि वर काय करत होता आत्ता?"

"धाकट्या मालकांनी सुरी चालवली ना, ती चीर जोडत होतो. चिकटपट्टी लावली. दोन्ही कडा एकीला एक लागल्या, ठिगळाची गरज पडली नाही. आता इथे माझं काम संपलं. काचघर उतरवायचं मोठं काम थोरल्या मालकांनी सांगितलं होतं, एकेक काच सुटी करून, खुणा घालून ठेवायची. आता कोण देतंय ते."

आत गेल्यावर उबदार, दमट हवा अंगावर आली. मातीच्या उंच वाफ्यांवर जरबेरा फुलला होता, जुन्या तांब्याच्या भांड्याला आतून असतो तसा रंग. मास्तर वाफ्याजवळ गुडघ्यांवर बसले आणि चित्र काढू लागले. थोड्या वेळाने त्यांचा हात थांबला.

"बारीकराव, मधल्या वाफ्यातली फुलं खराब झालीत. पाकळ्यांवर तपकिरी ठिपके आहेत. बाकीच्या वाफ्यांत एकही नाही. मी आपलं चांगलंच फूल काढतो."

"खराबच काढा," बारीकराव म्हणाले. त्यांनी मान वर करून पाहिले. मधला वाफा बरोबर फटीखाली होता. वाफ्याच्या मातीत, रोपांच्या मधून मधून, बोटाने टोचल्यासारखे बारीक खळगे होते. या टोकापासून त्या टोकापर्यंत.

दारात वहिनी उभ्या होत्या. आत यायला त्यांचा पाय उचलत नव्हता.

"इथे पाणी वरून शिंपडता?"

"छे. नळीतून थेंबथेंब मुळाशी जातं. पाकळीवर पाणी पडलं की डाग येतो, फूल वाया. पाऊस तर दोन महिने नाही. छताला जमणारं दव फिल्मवरून घसरत पन्हाळीकडे जातं." त्यांनी ठिपके पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे कधी झालं? रविवारी संध्याकाळी मी एकेक फूल पाहिलं होतं."

*

ताई, म्हणजे मेलेल्या थोरल्याची बहीण, शेडनेटमध्ये स्टुलावर बसून मजुरांवर डाफरत होत्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये. महिन्यापूर्वी पायरीवरून पडल्या होत्या. वर ताणलेल्या हिरव्या जाळीतून ऊन निम्मेच खाली येत होते. इथे ना फिल्म ना काच, नुसते खांब, तारा आणि जाळी.

"तिने आणलंय ना तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मग तिचीच बाजू घ्याल."

"तुमची बाजू सांगा, तीही घेतो."

"दादा भोळा होता. तिने त्याला मुठीत ठेवलं. ते पॉलिहाऊस उभं राहिलं तेव्हाच मी ओळखलं, ही आता इथली मालकीण. फिल्म चढवायला दादा, ती आणि मी, आम्ही तिघं होतो. मी टोक धरलं तर सगळ्या मजुरांसमोर माझ्यावर ओरडली. उलटी धरलीत, सुलटी करा, आत पाऊस पाडायचाय का. मला. ह्या घरात जन्मलेलीला."

"धाकटे नव्हते मदतीला?"

"तो कशाला येतोय? आपल्या काचघरात पुट्टी भरत बसला होता. प्लॅस्टिकला हात लावला तर बाटतो तो. त्याचा आणि दादाचा त्यावरूनच छत्तीसचा आकडा होता. दादाने काचघर काढायचं ठरवलं, तेव्हापासून दोघं एकमेकांशी धड बोलत नव्हते." मग त्यांच्या लक्षात आले की आपण भलतेच बोललो. "पण भाऊ म्हणजे भाऊ. जीव धोक्यात घालून छतावर चढला तोच. ही नुसती किंचाळत होती."

"तुम्ही आलात तेव्हा?"

"फिल्म खाली पडलेली. तो वर, हातात सुरी. दादा बाहेर मातीत." त्यांनी डाव्या हाताने नाक पुसले. "मी तिला या घरात एक दिवस ठेवणार नाही. जेलमधून सुटली तरी."

मास्तर बाहेर आल्यावर म्हणाले, "फार कडू बाई आहे."

"पण किती उपयोगी बोलली," बारीकराव म्हणाले.

*

काचघर राहत्या घराच्या भिंतीला टेकून उभे होते. तीन बाजूंना काच, चौथी बाजू भिंत, छत एकाच उताराचे. लाकडी पट्ट्यांत एकेक काच बसवलेली, कौलांसारखी वरची खालचीवर थोडी चढलेली. कडांना पुट्टी, तीही नवी, कारण धाकटा दरवर्षी ती खरवडून पुन्हा भरत असे. आत ऑर्किड टांगलेले. भर दुपार नुकती टळली होती, तरी आत सावली आली होती. कुंपणापलीकडे नवी उंच इमारत झाली होती आणि तिने ऊन अडवले होते.

धाकटा हातातले फडके खाली न ठेवता म्हणाला, "लवकर उरका. मला कामं आहेत."

"सुंदर आहे तुमचं काचघर."

"वडिलांनी स्वतः बांधलं. त्या टोकाची ती काच बसवताना त्यांचा हात कापला होता, मी पाहिलंय." त्याने एका काचेवरून फडके फिरवले. "काच प्रामाणिक असते. कुठूनही धरा, काच ती काच. वर्षानुवर्षं तशीच. पलीकडे ते प्लॅस्टिक, तीन-चार वर्षांनी पिवळं पडतं आणि काढून फेकावं लागतं. पण दादाला कोण सांगणार."

"त्यांनी हे पाडायचं ठरवलं होतं?"

"ठरवलं होतं. मग? म्हणून मी रडलो नाही की काय भावासाठी?"

"तुम्ही तर छतावर चढलात. वर फट उघडी होती, तरी फाडलंत?"

"गडबडीत काय सुचतं माणसाला? वहिनी ओरडत होती. हवा कोंडलीय एवढंच डोक्यात आलं. चढलो, सुरी चालवली, तुकडा ओढून खाली टाकला."

"तो तुकडा कुठे आहे?"

"बाहेर कोकोपीटच्या, नारळाच्या भुशाच्या ढिगावर घातलाय. वाया कशाला घालवायचा? रोपवाटिकेत काही फेकत नाहीत."

काचघराच्या मागे ढीग होता आणि त्यावर हातभर रुंद, लांबच लांब फिल्म, चार विटा ठेवून दाबलेली. बारीकराव वाकले. वाकताना ते कण्हले, पण उठायची घाई केली नाही. मास्तरांना त्यांनी फिल्मच्या कडा काढून दाखवायला सांगितल्या. मास्तरांनी दोन्ही लांब कडांवरच्या बारीक लाटा जशाच्या तशा काढल्या आणि चित्र चांगले आले म्हणून खूश झाले.

"आता फौजदारांना बोलवा," बारीकराव म्हणाले. "आणि सगळ्यांना. एक किटली लागेल."

"चहा?" मास्तरांनी आशेने विचारले.

"नुसतं पाणी. उकळतं."

*

फुले बांधायच्या शेडमध्ये लांब टेबल होते. एका बाजूला ताई आणि धाकटा, दुसऱ्या बाजूला एकट्या वहिनी. मिस्त्री दाराशी. फौजदार घड्याळ बघत होते. कोणी कोणाकडे बघत नव्हते, आणि नजर चुकून भेटलीच तर ती विस्तवासारखी. टेबलाच्या कडेला स्टोव्हवर किटली होती आणि मध्ये ढिगावरची ती फिल्म.

"मला एकच गोष्ट कळत नव्हती," बारीकराव म्हणाले. "वर फट उघडी असताना वायू कोंडला कसा. फौजदारसाहेब हीटरला दोष देतात. ताई वहिनींना देतात. मिस्त्री म्हणतो, फट बंद करायची सोयच नाही. उत्तर सोपं आहे. त्या रात्री फट बंद होती."

"मूर्खपणा," धाकटा म्हणाला. "सगळ्यांना दिसली असती."

"रात्री कोणाला दिसणार? पण फुलांना कळलं. मास्तर, ते चित्र दाखवा." मास्तरांनी ठिपके पडलेले फूल पुढे धरले. "फटीखालच्या एकाच वाफ्यातल्या फुलांवर डाग आहेत. मातीत थेंबांचे खळगे आहेत. पाऊस नाही, वरून शिंपडणं नाही. रविवारी संध्याकाळी फुलं चांगली होती. म्हणजे त्या रात्री फटीच्या जागी काहीतरी होतं. त्यावर आतली वाफ जमली आणि थेंबथेंब खाली पडली. उघड्या जाळीतून वाफ निघून जाते. ती टपकत नाही."

फौजदारांनी घड्याळाकडे बघणे थांबवले.

"ते काहीतरी म्हणजे ही फिल्म. हिच्या दोन्ही लांब कडांवर झिगझॅग स्प्रिंगच्या लाटा आहेत. मिस्त्री, ताणलेल्या छताच्या मधून सुरीने कापलेल्या तुकड्याला अशा लाटा असतात?"

"कशा असतील? मध्ये चॅनेलच नाही." मिस्त्री पुढे आला. त्याने फिल्म हातात घेतली, रुंदी मुठीने मोजली आणि त्याचा चेहरा बदलला. "ही फटीच्या मापाची आहे."

"आणि छताच्या चिरेच्या कडा तुम्ही जोडल्यात तेव्हा?"

"एकीला एक लागल्या. तुकडा कमी नव्हताच."

"छतातून तुकडा कमी नाही, तरी छतावरून तुकडा खाली आला. वहिनींनी तो येताना पाहिला. ताईंनी पडलेला पाहिला. धाकट्यांनी आजच मला सांगितलं की तो त्यांनी कापून काढला." बारीकराव धाकट्याकडे वळले. "तुम्ही कापला नाहीत. तुम्ही तो उचकटलात. स्प्रिंगा ओढल्यात, पट्टी खाली टाकलीत आणि शेजारी एक चीर मारलीत, म्हणजे छतावर चढल्याचं आणि फिल्म पडल्याचं कारण झालं."

"समजा वर पट्टी होती," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मी काढली असेल. घातली कोणी, ते कशावरून? हिनेच घातली असेल."

"मग 'वर कोणी तरी पट्टी लावली होती' असं तुम्ही त्याच दिवशी फौजदारांना सांगितलं असतंत. वहिनींना फासावर द्यायला त्याहून चांगला पुरावा नव्हता. तुम्ही लपवलात. पण तेवढ्यावर नाही सोडत. मास्तर, किटली."

पाणी खदखदत होते. बारीकरावांनी फिल्मची एक बाजू वाफेवर धरली. पाणी तिच्यावर पसरले आणि पातळ थर होऊन कडेकडे घसरत गेले. मग त्यांनी फिल्म उलटी केली. या बाजूवर वाफेचे टपोरे थेंब धरले आणि टेबलावर टपटप पडू लागले.

"पॉलिहाऊसच्या फिल्मला आतली आणि बाहेरची बाजू असते. सुलटी लावली तर पाणी घसरतं. उलटी लावली तर आत पाऊस पडतो. त्या रात्री आत पाऊस पडला. ज्याने ही पट्टी लावली, त्याने ती उलटी लावली."

"अंधारात कोणाचीही चूक होईल," फौजदार म्हणाले.

"मिस्त्रीची नाही होणार. त्याची बोटंच आधी बाजू बघतात. वहिनींची नाही होणार. याच गोष्टीवरून त्या ताईंवर ओरडल्या होत्या. ताई तो अपमान विसरलेल्या नाहीत, म्हणजे बाजूही विसरलेल्या नाहीत. शिवाय त्यांचा हात प्लॅस्टरमध्ये, त्या ना शिडी चढतील ना स्प्रिंग दाबतील. या घरात एकच माणूस असा आहे की ज्याने आयुष्यभर काच हाताळली. काचेला उलट-सुलट नसतं. कुठूनही धरा, काच ती काच." बारीकराव थांबले. "हे तुम्हीच म्हणालात. उलटं-सुलटं असू शकतं हे तुमच्या मनातच आलं नाही."

ताई हळूच धाकट्यापासून लांब सरकल्या.

"भाऊ झोपल्यावर तुम्ही वर चढलात. हीटरच्या घरघरीत त्यांना काही ऐकू आलं नाही. पहाटे पट्टी काढून न्यायची, मग सकाळी वहिनी कडी काढतील आणि आळ त्यांच्यावरच येईल, कारण कडीही त्यांची, पडदेही त्यांचे. पण वहिनी लवकर आल्या. भांडण मनाला लागलं होतं म्हणून त्यांना झोप नव्हती. तुम्हाला सगळ्यांदेखत छतावर चढावं लागलं."

"त्याने वडिलांचं काचघर पाडायला काढलं होतं," धाकटा म्हणाला. आता तो फक्त ताईंशी बोलत होता. "वडिलांनी एकेक काच हाताने बसवली. तो मिस्त्रीला म्हणाला, उतरवून टाक. मी स्वतः ऐकलं. तुला काही वाटलं नाही, ताई?"

"तुम्ही अर्धंच ऐकलंत," बारीकराव म्हणाले. "मिस्त्री, थोरल्यांनी नेमकं काय सांगितलं होतं?"

"एकेक काच सुटी करायची," मिस्त्री म्हणाला. "खुणा घालायच्या."

"पाडणारा माणूस काचांवर खुणा घालत नाही. पुन्हा उभारणारा घालतो. त्या इमारतीमुळे तुमच्या काचघरात ऊन येत नाही. ऑर्किड मरतील. वहिनी, ते कुठे उभारणार होते?"

वहिनींनी धाकट्याकडे पाहिले. इतका वेळ त्यांनी त्याच्याकडे पाहिले नव्हते.

"मागच्या मोकळ्या जागेत," त्या म्हणाल्या. "पाया खणून झाल्यावर सांगू म्हणाले. आधी सांगितलं तर तो भांडेल, म्हणाले. ती जागा आम्ही पॉलिहाऊस वाढवायला ठेवली होती. ह्यांनी ती काचघराला दिली."

धाकट्याने हातातले फडके टेबलावर ठेवले, नीट घडी घालून, आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्याला बाहेर नेताना फौजदारांना दोनदा थांबावे लागले.

ताई जागच्या हलल्या नाहीत. "मला काय माहीत," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला कोणी काही सांगत नाही या घरात." वहिनींची माफी त्यांनी मागितली नाही, आणि वहिनींनीही तिची वाट पाहिली नाही.

*

बाहेर ऊन उतरले होते आणि हवेत गारठा आला होता. बारीकराव आणि मास्तर फाटकाकडे निघाले तेव्हा वहिनी पॉलिहाऊसचे पडदे पाडत होत्या. आज त्या घाईने हँडल फिरवत होत्या, कारण उशीर झाला होता आणि फुलांना थंडी चालत नाही. एक बाजू झाली, दुसरी झाली. मग त्या दारापाशी थांबल्या. कडीवर हात गेला आणि तिथेच राहिला.

बराच वेळ त्या रडल्या. मास्तर पुढे व्हायला निघाले, बारीकरावांनी त्यांची बाही धरली.

मिस्त्री आपली हत्यारे पिशवीत भरत होता. वहिनींनी डोळे पुसले आणि त्याला हाक मारली.

"जायच्या आधी एक काम करा. या दाराला आतून कडी बसवा."

मिस्त्री गोंधळला. "आतून? आता आत कोण झोपणार आहे?"

"मी," वहिनी म्हणाल्या. "त्या घरात आता मी झोपणार नाही." त्यांनी राहत्या घराकडे पाहिले. तिथल्या खिडकीत ताई उभ्या होत्या. "आणि जाड बसवा."